काळ्या ढगाची ओळ

बाईंच्या घरात चटणीलाही कर्ता होता. ताटात जवसाची चटणी वाढली की त्या म्हणायच्या, "हे माही नाही. समोरच्या पारबताबाईची आहे. खातानी नाव घे तिचं." पहिल्या दिवशी मी हसलो. बाई हसल्या नाहीत. हातात घास धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी मला म्हणावं लागलं, "पारबताबाईंची चटणी चांगली झाली आहे." तेव्हा कुठे त्यांनी घास तोंडात घातला.

मी नुकताच वकील झालो होतो. गाव साखरखेर्डा, सनद कोरी करकरीत, आणि जळगाव जामोदच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बसायला सुरुवात केलेली. राहायला बाईंच्या घराची वरची खोली मिळाली. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पहिलीचा वर्ग शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागलो. त्या मला 'वकील' म्हणायच्या, पण असं की त्यात आदर किती आणि थट्टा किती ते कळू नये.

भाडेकरार त्यांनी स्वतः लिहिला होता. माझ्या सगळ्या शिक्षणाचा अपमान होईल इतका तो स्वच्छ आणि नेमका होता. त्यात एक कलम होतं: 'ओले टॉवेल गॅलरीच्या पूर्वेकडील कठड्यावर वाळत घालू नयेत.' खाली सही, आणि सहीखाली बारीक अक्षरात, 'मजकूर स्वतःचा.' पुढे गल्लीतल्या दुसऱ्या एका घरमालकानं हाच करार कुठून तरी मिळवून आपल्या भाडेकरूला जसाच्या तसा दिला. बाईंना ते कळलं, तेव्हा त्या तडक त्याच्या दारात गेल्या.

"टॉवेलचं कलम बी उचललं का रे?" त्या म्हणाल्या. "तुह्या घराले तं गॅलरीच नाही!"

तो बिचारा म्हणाला, "बाई, काय झालं मंग? कागदच तं आहे."

"कागद तुहा. लिहिलेलं माहं."

निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सकाळी कुणी फुलांच्या चित्रावर कविता टाकली आणि खाली 'अज्ञात' लिहिलं, की बाई फोन लावायच्या. मेसेज नाही, फोन. "अज्ञात म्हंजे कोन? त्याले मायबाप नाही काय? तुले माहीत नाही, असं लिही न. 'मला माहीत नाही' आणि 'अज्ञात' यात फरक आहे गुरुजी." गटाच्या अ‍ॅडमिननं दोनदा गट सोडला आणि दोनदा परत आला, कारण बाईंशिवाय गटात कुणी काही वाचतच नव्हतं. लग्नपत्रिकांवरच्या चारोळ्या, दुकानांच्या पाट्यांवरची सुभाषितं, सगळ्यांच्या मागे त्या असायच्या. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला त्यांनी दम भरला होता की अख्खं पुस्तक झेरॉक्स करायचं नाही, पाहिजे तर पानभर कर. तो बाई दिसल्या की मशीनवर फडकं टाकायचा.

आणि स्वतःच्या कविता? बाई त्या लहान पोरांसाठी लिहायच्या. नवी कविता झाली की ती पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या. पोस्टमन ते घेऊन यायचा, बाई सही करायच्या, आणि न फोडता ते पाकीट लोखंडी पेटीत ठेवून द्यायच्या. तारखेचा शिक्का हा पुरावा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"बाई, याची गरज नाही," मी एकदा शहाणपणा केला. "लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. नोंदणीसुद्धा सक्तीची नाही. आणि असं पाकीट काही फार पक्का पुरावा धरत नाहीत."

"हे तू कोठी वाचलं?"

मी वाचलं नव्हतं, कॉलेजात ऐकलं होतं. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात कॉपीराइट कायद्याचं पुस्तक मागवलं. विकत, झेरॉक्स नाही. मग रोज संध्याकाळी चहाला माझी परीक्षा. त्यांना सगळ्यात आवडलं ते कलम सत्तावन्न. "कायदा एकोनीसशे सत्तावन्नचा, कलम बी सत्तावन्न. ध्यानात ठेवाले सोपं." त्या कलमात लिहिलं आहे की हक्क लेखकानं विकून टाकला तरी लिहिणारा म्हणून नाव सांगण्याचा त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. त्याच्या शब्दांची कुणी त्याला कमीपणा येईल अशी मोडतोड केली, तर ती थांबवण्याचा अधिकारही राहतो. बाईंनी त्याच्याखाली पेन्सिलनं दोनदा रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "हक्क कितीक वर्सं राह्यते?"

"लेखक हयात असेपर्यंत, आणि गेल्यानंतर साठ वर्षं."

बाईंनी बशीत चहा ओतला. "म्हंजे मी मेल्यावर बी साठ वर्सं भांडता येते. पन भांडन कोन?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू तं कलमं बी वाचत नाहीस."

बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहून लहान मुलांची पुस्तकं चाळायची त्यांची सवय होती. प्रत्येक कवितेखाली कवीचं नाव आहे की नाही ते बघायचं, नसेल तर स्टॉलवाल्याला सुनवायचं. एके दिवशी त्या तिथून परत आल्या त्या जिना चढून थेट माझ्या खोलीत. त्यांनी जिना चढलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. हातात बालवाडीचं एक गुळगुळीत पुस्तक. मोठ्या शहरातल्या एका कंपनीचं, राज्यभर खपणारं. एक पान उघडून त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं.

काळं माझ्या पाटीचं अंग,
त्यावर उठती खडूचे रंग.
काळ्या ढगाच्या पोटात पाणी,
गोड पोरीच्या तोंडात गाणी.

शेजारी गुलाबी गालांची, पिवळ्या केसांची मुलगी. खाली कंसात, 'पारंपरिक'.

"तुमचं आहे?" मी विचारलं.

"शेवटची ओळ 'काळ्या पोरीच्या' आहे." बाईंचा आवाज बारीक झाला होता. "काळ्या. गोड नाही. त्या एका शब्दासाठी तं लिहिलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या पहिलीच्या वर्गात सुमन नावाची एक मुलगी होती. रंगानं काळी. बाकीची पोरं तिला कोळसा म्हणायची. शाळेत नाव घातल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती, खिडकीपाशी बसून राहायची. बाईंनी तिच्यासाठी हे गाणं केलं, वर्गाकडून म्हणवून घेतलं, आणि ती मुलगी बोलायला लागली. पुढे बदल्या होत गेल्या, शिक्षक गाणं आपापल्या शाळेत घेऊन गेले, शिबिरांतून ते कुठल्या कुठे गेलं. बाईंना त्याचं कौतुकच होतं. "गायाले कोनी बी गावं. पोरांनी काय नाव घ्यावं? पन छापणाऱ्यानं तं विचारावं."

मी ज्येष्ठ वकिलांना विचारून नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर महिन्याभरात आलं, चार पानी. एक, गाणं पारंपरिक आहे, ते कुणाचंच नाही. दोन, समजा बाईंचंच असलं, तरी त्या तेव्हा जिल्हा परिषदेच्या नोकरीत होत्या, नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाचा. तेव्हा बाईंना बोलायचा अधिकारच नाही.

दुसरा मुद्दा वाचून माझा चेहरा उतरला, कारण तसं कलम खरंच आहे. बाई मात्र शांतपणे चष्मा पुसत होत्या.

"मले पगार शिकवाचा भेटत होता, कविता कराचा नाही. ते एक. आणि दुसरं, हक्क कोनाचा बी असो, नाव कोनाचं? सत्तावन्न वाच."

मी वाचलं. त्या बरोबर होत्या. आणखी एक गोष्ट त्यांनीच शोधून काढली होती: या कायद्यात लेखक जिथं राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. "म्हंजे मी त्यायच्या शहरात चकरा माराच्या नाहीत. त्यायनं इकडे यावं. येस्टीनं."

प्रश्न उरला पुराव्याचा. गाणं त्यांनी केलं तेव्हा पाकिटांची सवय लागलेली नव्हती. आम्ही दोघं त्या पायथ्याच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक भला माणूस, त्यानं जुनं कपाट उघडून दिलं. दुपारभर आम्ही वाळवी झटकत बसलो. तीन वाजता बाईंना शेरेबुक सापडलं. तपासणीला आलेले साहेब ज्यात शेरा लिहून जातात ती वही. एका पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'इयत्ता पहिलीच्या मुलांनी वर्गशिक्षिकेने स्वतः रचलेले गीत सुरेख म्हटले.' त्याखाली त्या साहेबानं हौसेनं चारही ओळी उतरवून घेतल्या होत्या. चौथी ओळ, 'काळ्या पोरीच्या तोंडात गाणी'. खाली सही, शिक्का, तारीख.

बाई किती तरी वेळ त्या पानावर हात ठेवून बसल्या. "मानूस चांगला होता," एवढंच म्हणाल्या. "चुलीवरच्या चहाले नावं ठेवून गेला होता, पन मानूस चांगला होता."

शेरेबुकाच्या नकलेबरोबर एका जिवंत साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र असावं, असं आमच्या ज्येष्ठांचं मत पडलं. बाईंनी सुमनचा पत्ता काढला. ती त्याच पट्ट्यातल्या एका गावात आशाताई झाली होती, बाळंतपणं, लसी, गोळ्या बघायची. सकाळच्या बसनं ती आली. चाळिशीची, भरभर बोलणारी, बोलता बोलता दुसऱ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघणारी. बाईंच्या पाया पडली. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "सुमनताई, तुम्हाला आठवतं तसं सांगा."

"सांगतो न," ती म्हणाली. "बाई फळा पुसून राह्यल्या होत्या. पोट्टे मले काळी काळी म्हनून चिडवून राह्यले होते. मी खिडकीपाशी होती. मंग मी म्हनलं, बाई, काळ्या ढगाच्या पोटात पानी असते न? तं बाई म्हने, परत म्हन. मी परत म्हनलं. मंग बाईनं ते फळ्यावर लिहिलं, आन त्याच्या अवतीभवती बाकीचं केलं."

मी टाइप करायचा थांबलो.

बाई खुर्चीत होत्या तशाच होत्या. "तू म्हनली होतीस?"

"हाव न बाई. माही पहिलीच गोष्ट होती ते शाळेत. मी तं घरी जाऊन मायले सांगितलं, माहं बोलनं बाईनं फळ्यावर लिहिलं म्हनून." सुमन हसत होती. तिला यात काही बिघडलं आहे असं वाटतच नव्हतं.

इतकी वर्षं बाई सांगत आल्या होत्या की गाण्यामुळे मुलगी बोलली. खरं उलटंच होतं. मुलगी बोलली म्हणून गाणं झालं.

सुमन परतीच्या बसला गेल्यावर मी वकिली केली. "बाई, ती ओळ प्रतिज्ञापत्रात नको. बाकी सगळं घेऊ. गाणं तुम्ही फळ्यावर लिहिलं, वर्गात म्हणवून घेतलं, एवढं पुरे. समोरचा वकील म्हणेल, आज एक ओळ दुसऱ्याची निघाली, उद्या बाकीच्या तीन निघतील."

त्या दिवशी ताटात चटणी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला फोन केला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी 'अज्ञात' टाकलं, तेही तसंच राहिलं. संध्याकाळी मी खाली गेलो तर त्या पेटीतली ती न फोडलेली पाकिटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"माह्या ध्यानातच नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "खोटं नाही बोलून राह्यली. खरंच नव्हतं. आता हे पाकिटं पाहून राह्यली, यात कोनाकोनाचं काय काय आलं असन."

"बाई, एवढं कोण लक्षात ठेवतं?"

"मी. मी ठेवतो म्हनून तं गावभर भांडतो न?"

सकाळी त्या एकट्याच बसनं सुमनच्या गावी गेल्या. तिथं काय झालं ते मला नंतर सुमननं सांगितलं. बाई तिच्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, ओळ तुही आहे, नाव तुहं लागलं पाहिजे. सुमन म्हणाली, बाई, मले नको नाव, मी तं लेकरू होती, सहज म्हनलं. तर बाई म्हणाल्या, "नको म्हनाचा हक्क तुले आहे. पन विचाराचं काम माहं होतं, ते मी केलं नाही." मग म्हणे बाई रडल्या. सुमननं आधी पाणी दिलं, आणि मग बाईंची पापणी ओढून बघितली.

सुमनला शेवटी हो म्हणावं लागलं. प्रतिज्ञापत्र तिनं सांगितलं तसं शब्दाला शब्द गेलं. बाईंनी स्वतःचंही जोडलं, त्यात आपण विसरलो होतो असं स्पष्ट लिहिलं. एका ओळीनं माणूस सहलेखक होतो की नाही यावर आम्हा वकिलांना खूप बोलता आलं असतं. बाईंनी ती सोयच ठेवली नाही. दाव्याच्या मसुद्यात आता एक नाही, दोन नावं होती. मला मनातून वाटत होतं की आपण आपल्याच हातानं आपली भिंत पाडतो आहोत.

मसुदा कंपनीकडे गेला आणि तिनं तडजोडीसाठी माणसं पाठवली. येस्टीनं नाही, गाडीनं. एक वकील आणि एक तरुण संपादिका. बाईंच्या बैठकीत आम्ही बसलो. वकिलानं कागद चाळून सुरुवात केली, "म्हणजे आता तुम्हीच मान्य करता की पूर्ण गाणं तुमचं नाही."

"हाव," बाई म्हणाल्या. "आन तुमचं तं एक बी ओळ नाही."

वकील हसू दाबत खाली बघायला लागला. संपादिका मात्र अवघडून बसली होती. ती म्हणाली, "आजी, खरं सांगते, मला ते पारंपरिकच वाटलं. मी माझ्या शाळेत शिकले होते. आमच्याकडे सगळे म्हणायचे."

"म्हनून दाखव."

तिनं हलक्या आवाजात म्हटलं. चौथी ओळ तिनं 'काळ्या पोरीच्या' अशीच म्हटली. आणि थांबली.

"मंग बदललं कोनं?"

"वरून सांगितलं. 'काळी' म्हटलं तर पालकांना वाईट वाटेल म्हणे."

"कोनत्या पालकाले?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नाही. "ज्याची पोरगी काळी आहे त्याले, का ज्याची गोरी आहे त्याले?"

मग पोहे आले, आणि संपादिकेला सांगण्यात आलं की पोह्यावरचा चिवडा पारबताबाईंचा आहे.

तडजोड त्याच दुपारी ठरली. विकायच्या राहिलेल्या प्रतींवर दुरुस्तीची चिठ्ठी लागेल, पुढच्या आवृत्तीत मूळ शब्द येईल, चित्र नवं येईल, दोन्ही नावं येतील. मोबदला दोघींना सारखा. पायथ्याच्या शाळांना पुस्तकं फुकट द्यायची, ही अट सुमनची. निघताना त्यांचा वकील मला जिन्यापाशी म्हणाला, "एक सांगू? तुम्ही त्या ताईंची ओळ लपवली असती ना, तर मी लढलो असतो. स्वतःविरुद्ध लिहून देणाऱ्या बाईला उलटतपासणीत काय विचारणार?" मी मान हलवली. लपवायचा सल्ला माझा होता, हे त्याला सांगितलं नाही. इथं सांगतो.

नवी आवृत्ती आली तेव्हा बाई मला घेऊन सुमनकडे गेल्या. सुमन लसीकरण उरकून नुकतीच घरी आली होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि दारातच उभं राहून पान उघडलं. पाटी हातात घेऊन उभी असलेली काळीसावळी मुलगी, तोंड उघडं. खाली दोन नावं. सुमननं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग शेजारणीला हाक मारली. शेजारणीनं पुस्तक हातात घेतलं, आत नेऊन सासूला दाखवलं. ते पुस्तक अर्ध्या तासात निम्म्या गल्लीत फिरून आलं. बाई ओसरीवर बसून चहा पीत होत्या आणि कुणी काही विचारलं की सुमनकडे बोट दाखवत होत्या.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. छापताना क्रम कुणी ठरवला होता ते मला माहीत होतं, मजकूर बाईंनीच कळवला होता. ओळींच्या हिशेबानं तीन त्यांच्या, एक सुमनची. तरी पानावर सुमनचं नाव आधी होतं.

"बाई, तिचं नाव वर का दिलं?"

बाईंनी खिडकीची काच सरकवली. बाहेर कपाशीची वावरं मागे पडत होती.

"ती आधी बोलली," त्या म्हणाल्या. "मी मागून लिहिलं."